वाचकांचे प्रश्न : गिरणी बंद, पेठ ओस; सुरुवात कुठून?

प्रश्न : आमच्या गावची कापडगिरणी बंद पडली आणि मेन रोडची जुनी पेठही बसली. आता नगर परिषद कमान उभारून रस्त्याला पेव्हर ब्लॉक लावणार आहे. आम्ही कशाचा आग्रह धरावा?
– एक दुकानदार, वर्धा जिल्हा

उत्तर : कमान झाली काय, न झाली काय, धंद्याला फरक पडत नाही. रस्त्याच्या पातळीने पडतो. जुन्या डांबरावरच ब्लॉक बसवले की रस्ता वर येतो, ओटे बुडतात आणि पहिल्याच पावसात नालीचं पाणी गाळ्यात शिरतं. म्हणून जुना थर खरवडून काढण्याची बाब अंदाजपत्रकात आहे का, ते आधी बघा. तयार रस्ता सगळ्यात खालच्या ओट्यापेक्षा किमान 15 सेंमी खाली हवा आणि नालीकडे मीटरमागे 2 सेंमी उतार.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर बसवलेले ब्लॉक वर-खाली होणारच. ती काढून मुरूम भरायचा, पण एकदम नाही. 15 सेंमीचा थर, पाणी, रोलर, मग पुढचा थर. त्यावर खडी, 3 सेंमी वाळू आणि ब्लॉक. मालाचे ट्रक येत असतील तर 60 मिमी जाडीचे ब्लॉक चालणार नाहीत, 80 मिमीचेच घ्या. दोन्ही कडांना काँक्रीटची पट्टी नसेल तर ब्लॉक सरकतात, वाळू निघून जाते. नळाची लाइन आधी बदलून घ्या, नाहीतर महिन्याभरात तोच रस्ता पुन्हा फुटेल.

दसरा ते संक्रांत कापसाचा पैसा बाजारात येतो. तेव्हा कुदळ लावू देऊ नका. फेब्रुवारी ते मे, तेही एका वेळी एकच बाजू.

हातगाड्या हटवायची मागणी दुकानदारच करतात, आणि तिथेच चुकतं. गिरणीचा पगार गेल्यावर पेठेत पाय वळतो तो भाजीपाल्यासाठी; त्यातूनच कुणी तुमचा ओटा चढतं. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात. या समितीमार्फत, दुकानांचे दरवाजे मोकळे ठेवून, गाड्यांच्या जागा पेठेतच आखून घ्या.

बंद गाळे उघडताना चुन्यातल्या जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आत कोंडते, विटा भुसभुशीत होतात. एक भाग चुना, तीन भाग वाळू, आणि आठवडाभर भिंत ओलसर ठेवा.