वाचकांचे प्रश्न : सुया वाटल्याने व्यसन वाढते का?

प्रश्न : आमची सोसायटी हार्बर मार्गाच्या रुळांलगत आहे. भिंतीपलीकडे काही तरुण गर्द (हेरॉइन) टोचून घेत बसलेले असतात. एका संस्थेचे कार्यकर्ते तेथे येऊन त्यांना चक्क नव्या सिरिंज देतात आणि पोलीसही त्यांना अडवत नाहीत. ही व्यसनाला मदत नव्हे काय?
– एक वाचक, चेंबूर

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि नेमकी हीच शंका संशोधकांनीही तपासून पाहिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. निर्जंतुक सुया पुरवल्याने एचआयव्हीचा प्रसार बराच घटतो. पण त्यामुळे नवे लोक टोचून घेऊ लागतात किंवा जुने लोक अधिक वेळा टोचतात, असा पटण्याजोगा पुरावा मिळत नाही, असे त्यातून निष्पन्न झाले. सुया मिळेनाशा झाल्या की काय होते, हे स्कॉटलंडमधील एडिंबरा शहराने भोगले आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तेथे सिरिंज मिळणे अवघड करण्यात आले. नशा थांबली नाही. एकच सुई अनेकांच्या हातांत फिरू लागली. तेथील एका दवाखान्यात हेरॉइन घेणाऱ्या १६४ रुग्णांचे रक्त तपासले असता निम्म्याहून अधिक जणांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली, आणि हे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या तरुणांना बायका होत्या, पुढे मुले होणार होती. अशी लागण कोणत्याही भिंतीपलीकडे थांबत नाही.

एम्सने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, भारतात सुमारे साडेआठ लाख लोक सुईने नशा करतात. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठीच राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात सुयांचे वाटप समाविष्ट आहे. तुम्ही पाहता ते कार्यकर्ते वापरलेल्या सुया परत घेतात, म्हणजे तुमच्या आवारातील मुलांच्या पायाला लागू शकणारी सुई तेथून उचलली जाते; शिवाय ते चिघळलेल्या जखमांची विचारपूस करतात, एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या तपासणीसाठी पाठवतात. घराने आणि वस्तीने पाठ फिरवलेल्या तरुणाला ज्या दिवशी नशा सोडावीशी वाटते, त्या दिवशी तो बहुधा याच माणसाला शोधतो. पोलीस अडवत नाहीत, कारण एचआयव्ही-एड्सविषयीच्या २०१७च्या कायद्याच्या कलम २२ने, सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालणाऱ्या अशा कामाला संरक्षण दिले आहे.

प्रश्न : माझा चोवीस वर्षांचा मुलगा गर्दच्या व्यसनासाठी दोनदा केंद्रात राहून आला आणि दोन्ही वेळा पुन्हा घसरला. आता डॉक्टर रोज जिभेखाली ठेवायची गोळी सुचवतात. नशा सोडवायला नशेचीच गोळी, हे मनाला पटत नाही. उपचाराला नेले तर पोलीस केस होईल का?
– एक आई, लालबाग

उत्तर : ताई, ती गोळी बहुधा ब्युप्रेनॉर्फिनची असावी. गर्द मेंदूत जेथे परिणाम करते, तेथेच ही गोळी पोहोचते, मात्र तिचा असर संथ आणि दीर्घकाळ टिकणारा असतो. त्यामुळे टर्की होत नाही, म्हणजे अंगदुखी, जुलाब आणि तळमळ यांनी माणूस पुन्हा पुडीकडे ओढला जात नाही आणि कामावर जाऊ शकतो. ठरावीक मात्रेपुढे श्वास मंदावण्याचा परिणाम वाढत नाही, हा तिचा मोठा गुण. पण दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास तीही धोकादायक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये तिचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. उपचार महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालतो. घाईने मात्रा कमी करायला लावू नका.

आता एक गोष्ट कृपया नीट ध्यानात घ्या. केंद्रात किंवा तुरुंगात काही आठवडे नशेविना काढल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि पूर्वीइतकीच पुडी घेतली तरी जीव जाऊ शकतो. मुलगा हलवून उठत नसेल, श्वास मंदावला असेल, ओठ निळे पडले असतील, तर त्याला कुशीवर वळवा, एकटे सोडू नका आणि लगेच १०८ला फोन करा. गर्दचा परिणाम उलटवणारे नॅलोक्सोन हे औषध वेळेत मिळाले तर श्वास पूर्ववत होऊ शकतो.

कायद्याचे म्हणाल, तर उपचार घेणे हा गुन्हा नाही. १९८५च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७नुसार गर्दच्या सेवनाला एक वर्षापर्यंत कैद आहे हे खरे. तथापि त्याच कायद्याचे कलम ६४अ स्वेच्छेने सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देते, फक्त उपचार पूर्ण करावा लागतो. माझ्या मते हे संरक्षण पुरेसे नाही, कारण अटकेच्या भीतीने तुमच्यासारखी कुटुंबे दारातूनच परततात. पोर्तुगालने २००१ पासून स्वतःच्या दहा दिवसांच्या वापरापुरता अमली पदार्थ बाळगणाऱ्याला न्यायालयाऐवजी समितीपुढे नेण्याची पद्धत स्वीकारली. विक्री तेथेही गुन्हाच आहे. आपल्याकडे कलम २७चा असा फेरविचार व्हायला हवा.

तुम्हाला केईएम रुग्णालय जवळ आहे. तेथील मानसोपचार विभागात मुलासह जा आणि आधीच्या केंद्रांचे कागद बरोबर घ्या. निघण्याआधी बोलावेसे वाटले तर व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ विनामूल्य आहे.