धक्का देणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: दुरुस्ती, विक्री की नवी गाडी?

प्रश्न: माझी ऑटोमॅटिक गाडी १३ वर्षांची आहे, १ लाख ४८ हजार किलोमीटर चाललेली. गेले काही महिने ‘पी’वरून ‘आर’मध्ये टाकलं की एक-दोन सेकंद काहीच होत नाही आणि मग जोरात धक्का बसतो. ‘डी’मध्ये टाकतानाही तसंच. गाडी एकदा चालू लागली की गिअर मात्र नीट बदलतात. गॅरेजवाल्यांनी एक फेरी मारून सांगितलं, गिअरबॉक्स खोलून पूर्ण रीबिल्ड करावा लागेल; खर्च गाडी नीट चालत असती तर आली असती त्या किमतीच्या ६० टक्के. आहे तशी गाडी निम्म्या किमतीत घ्यायला एक जण तयार आहे. आमचा आपत्कालीन निधी पाच महिन्यांच्या घरखर्चाएवढा आहे, दुरुस्तीत त्यातले दोन महिने जातील. गेल्याच वर्षी टायर आणि सस्पेन्शनवर बराच खर्च केला, म्हणून विकायला मन धजत नाही. दुरुस्ती करू, विकू, की कर्ज काढून नवी घेऊ?

उत्तर: तुम्ही तीन पर्याय विचारलेत, पण आज त्यातला एकही निवडू नका. आजार कोणता ते कळायच्या आत तुमच्या हातात ऑपरेशनचा खर्च ठेवलाय. गॅरेजने गिअरबॉक्सचं ऑइल पाहिलं, स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला, ऑइलचं प्रेशर मोजलं, असं तुमच्या पत्रात कुठेच नाही. एका फेरीवरून एवढा मोठा खर्च ठरत नाही. नीट तपासणीला जो पैसा लागेल तो रीबिल्डच्या तुलनेत अगदी किरकोळ असतो, आणि या सगळ्या व्यवहारात सगळ्यात जास्त परतावा तोच देईल. म्हणून आधी तपासणीबद्दल सविस्तर लिहितो.

तुमच्या वर्णनात दोन गोष्टी दिलासा देणाऱ्या आहेत. धक्का ‘आर’ आणि ‘डी’ दोन्हीकडे बसतो. एकच क्लच पॅक (गिअर पकडणाऱ्या प्लेटचा संच) झिजला असता तर त्रास बहुधा एकाच बाजूला दिसला असता. दोन्हीकडे सारखाच असेल तर दोघांना सामाईक असलेल्या गोष्टींवर आधी संशय घ्यायचा, म्हणजे ऑइलची पातळी, प्रेशर, इंजिनचं आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिन फिरण्याचा वेग), माउंटिंग (इंजिन-गिअरबॉक्स ज्यांवर बसवलेले असतात ते रबरी आधार). दुसरं म्हणजे चालत्या गाडीत गिअर नीट बदलतात, रेस वाढून गाडी मागे राहते असं तुम्ही म्हणत नाही. क्लच प्लेट जळाल्या असतील तर हे घसरणं सहसा आधी जाणवतं.

आता ऑइल. डिपस्टिक (पातळी बघायची पट्टी) असेल तर गाडी सपाट जागी उभी करून, ऑइल गरम झाल्यावर पातळी बघायची. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघतात, काहींत बंद करून, त्यामुळे मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसंच करा. डिपस्टिक नसेल तर गाडी वर उचलून, ऑइल ठरावीक तापमानाला असताना तपासणीचं बूच उघडून पातळी बघावी लागते. हे काम घाईत टाळलं जातं, तेव्हा झालं की नाही ते स्पष्ट विचारा. मग ऑइलचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. बहुतेक ऑइल नवं असताना लाल आणि पारदर्शक असतं. तपकिरी झालं असेल तर जुनं झालंय, त्याने घाबरायचं कारण नाही. काळं, जळका वास आणि बोटांना कचकच लागणारे कण, ही मात्र वाईट खूण. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधलं कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलंय. तशी गाडी पुढे चालवूच नका.

पातळी कमी असेल तर पंपाला प्रेशर तयार करायला वेळ लागतो, म्हणून ते एक-दोन सेकंद, आणि मग क्लच एकदम पकडतो, म्हणून धक्का. ऑइल आपोआप संपत नाही, तेव्हा गळती कुठे आहे ते शोधायलाच हवं. पण सील बदलणं आणि रीबिल्ड यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्रास फक्त सकाळी थंड गाडीत होतो की गरम झाल्यावर वाढतो, हेही आठवडाभर टिपून ठेवा. फक्त थंड असताना होत असेल तर रात्रभरात टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागातलं) ऑइल खाली उतरणं किंवा रबरी सील कडक होणं अशी कारणं संभवतात, आणि अशा गाड्या कधीकधी बराच काळ तग धरतात. गरम झाल्यावर ऑइल पातळ होतं. तेव्हा त्रास वाढला तर पंप झिजल्याची किंवा आतून प्रेशर गळत असल्याची शंका येते. त्यात खर्च मोठा असतो.

आणखी एक तपासणी फुकटात होते. थंड इंजिन सुरुवातीला हजाराच्या वर फिरतं, त्या वेळी ‘आर’ टाकलं तर चांगल्या गाडीतही झटका जाणवतो. आरपीएम खाली येऊन ७००-८०० च्या आसपास स्थिरावले की टाका आणि फरक बघा. मग बॉनेट उघडं ठेवून, हँडब्रेक ओढून आणि पायाचा ब्रेक घट्ट दाबून ‘आर’-‘डी’ करा. दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती उसळतं ते बघायचं. गाडीच्या पुढे कोणी उभं राहायचं नाही. इंजिन चांगलंच उसळत असेल तर माउंटिंग गेलंय. मग निदान धक्क्याचा आवाज तरी गिअरबॉक्सच्या आतला नाही.

स्कॅनर लावून घ्याच. सोलेनॉइड (ऑइलचं प्रेशर नियंत्रित करणारी विजेवरची झडप) किंवा सेन्सरचा सिग्नल बिघडला की बऱ्याच गाड्यांत कंट्रोल युनिट (गिअरबॉक्सचा संगणक) खबरदारी म्हणून प्रेशर पूर्ण वाढवतं आणि प्रत्येक वेळी गिअर धाडकन पडतो. मात्र पी०७०० एवढाच कोड दाखवून कोणी निकाल दिला तर मानू नका. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटकडे आणखी कोड नोंदलाय, एवढंच तो सांगतो. तो पुढचा कोड वाचायला हवा. शेवटी गेज लावून प्रेशर मोजायचं आणि ऑइल पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं) उतरवायचा. आतल्या चुंबकावर बारीक राखाडी चिखल असणं स्वाभाविक आहे. धातूचे तुकडे किंवा क्लचच्या अस्तराचे पापुद्रे निघाले, तर रीबिल्डचा सल्ला बरोबर होता असं मी मानेन. पॅन उतरवलाच आहे तर फिल्टर बदला आणि कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं ऑइल भरा. जुन्या गिअरबॉक्सला प्रेशरने फ्लश करायला मात्र सांगू नका.

आता समजा दुसऱ्या गॅरेजनेही लेखी कारणांसह रीबिल्डच सांगितलं. मग हिशेब असा. गाडी नीट चालत असती तर आली असती ती किंमत १०० धरा. रीबिल्ड ६०, आणि आज विकल्यावर मिळणारे ५० तुम्ही सोडता, एकूण ११०. तीन वर्षांनी ती ६० ला गेली असं गृहीत धरलं तर तीन वर्षांचा खर्च ५०. वयामुळे निघणाऱ्या इतर कामांसाठी दरवर्षी २० धरले तरी ११०. नवी गाडी ५०० ची, तीन वर्षांत ३५ टक्के घसरली तर १७५ गेले. त्यासाठी ४०० चं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर पहिल्या तीन वर्षांत नुसतं व्याज सुमारे ८० भरावं लागेल. एकूण २५५. हे आकडे तुमच्या गाडीप्रमाणे बदलून बघा. फरक थोडाफार कमी-जास्त होईल, पण दिशा बदलायला बरंच काही बदलावं लागेल. म्हणून ‘किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च येत असेल तर दुरुस्ती करू नये’ हा नेहमीचा ठोकताळा मला इथे अपुरा वाटतो. तुलना गाडीच्या किमतीशी करण्यापेक्षा तिच्याऐवजी जे घ्याल त्याच्या खर्चाशी करायला हवी.

टायर आणि सस्पेन्शनचे पैसे या हिशेबात धरू नका. ते गेले. फक्त ती कामं पुढची काही वर्षं निघणार नाहीत, एवढाच त्यांचा आता उपयोग.

आपत्कालीन निधीला हात लावायला माझी हरकत नाही, तीन महिन्यांचा खर्च शिल्लक राहतोय तोवर. निवृत्तीसाठी ठेवलेली गुंतवणूक मात्र यासाठी मोडायची नाही. नव्या गाडीचा हप्ता वरच्या मापात (जुन्या गाडीची किंमत १०० धरून) महिन्याला ८ च्या थोडा वर बसला असता. तेवढीच रक्कम दरमहा बाजूला टाकली तर साताठ महिन्यांत खड्डा भरून निघेल.

रीबिल्ड करायचा तर कोटेशनमध्ये टॉर्क कन्व्हर्टर, ऑइल कूलरची सफाई आणि मजुरी धरली आहे का ते बघा, आणि किमान १२ महिन्यांची लेखी वॉरंटी मागा. ती मिळत नसेल, किंवा इंजिन आणि बॉडीचंही मोठं काम दिसत असेल, तर विकणं बरं. त्या वेळी तपासणीचा कागद घेणाऱ्याच्या हातात ठेवा. दोष माहीत असूनही तो लपवून विकू नका, आणि कारण किरकोळ निघालं तर तोच कागद दाखवून ५० ऐवजी जास्त भाव मागा.