कॉइल जळाली, म्हणजे वॉरंटी गेली का?

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाने मला गाडीत सबवूफर (बासचा मोठा स्पीकर) बसवून दिला. सबवूफर, बॉक्स, अ‍ॅम्प आणि वायरिंग, सगळं एकाच दुकानातून घेतलं. फिटिंगचे पैसेही त्याच बिलात लावलेत. बिल दादाच्या नावावर आहे, वॉरंटी एक वर्षाची. अकराव्या महिन्यात एकदा गाडी चालवताना जळका वास आला आणि बास बंद पडला. दुकानदार म्हणाला, "आम्ही फक्त विकतो, तुम्ही सर्व्हिस सेंटरला जा." सर्व्हिस सेंटरने दोन आठवडे ठेवून घेतला आणि तोंडी सांगितलं, की कॉइल (सबवूफरच्या आतली तारेची गुंडाळी) जळाली म्हणजे तुम्ही आवाज जास्त लावलात, हे वॉरंटीत बसत नाही, शिवाय फिटिंग अधिकृत माणसाने केलेलं नाही. आता परत न्या म्हणतात, पण त्याआधी जॉबकार्डवर सही मागतात. त्यावर "ग्राहकाकडून गैरवापर" असं लिहिलंय. वॉरंटीचे वीस दिवस उरलेत. ओळखीचा एक कारागीर कॉइल बदलून देतो म्हणतो. काय करू? (मध्यंतरी एकदा मित्राने बास थोडा वाढवून दिला होता. त्याने काही फरक पडतो का?)

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. त्याच्याकडे शेवटी येतो. त्याआधी एक-दोन दिवसांत उरकायची कामं आहेत, ती सांगतो.

कारागिराला आधी नाही म्हणा. तो कितीही चांगला असला तरी आज तो जळका सबवूफर हाच तुमचा पुरावा आहे. कॉइल बदलली की जुनी कॉइल कचऱ्यात जाते आणि तिच्याबरोबर तुमचं म्हणणंही. वर कंपनीला आयतं कारण मिळतं, की वस्तू बाहेर उघडली. वस्तू परत घ्यायला हरकत नाही, मात्र जशी मिळेल तशीच खोक्यात ठेवा. मागच्या मॅग्नेटवर किंवा लोखंडी सांगाड्यावर अनुक्रमांकाचं स्टिकर असतं, त्याचा फोटो सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच काढा. घरी आल्यावर काढलेल्या फोटोवर "हा तो नव्हेच" असं म्हणता येतं.

सही करावी लागली तर कोरी करू नका. सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा : "तपासणीचा निष्कर्ष मला मान्य नाही. वस्तू परत मिळाली, एवढ्यापुरतीच ही सही." आणि त्या कागदाचा फोटो घ्या. असं लिहू देत नसतील तर सही न करता बाहेर या आणि त्याच दिवशी ईमेल करा, की नकाराची सही केल्याशिवाय माझी वस्तू मला देत नाहीत. असा ईमेल गेला, की काउंटरवरचा सूर बहुधा बदलतो.

आता वीस दिवसांचं. वॉरंटीच्या मुदतीत बिघाड झाला आणि मुदतीतच तुम्ही कळवलंत, तर नंतर सर्व्हिस सेंटरने लावलेला वेळ तुमच्या खाती धरता येत नाही. पण "कळवलं होतं" हे दाखवता आलं पाहिजे आणि तुमच्याकडे आजवर फक्त फोन आणि फेऱ्या आहेत. म्हणून आजच दुकानदार आणि कंपनी, दोघांना एकच ईमेल पाठवा, त्याचीच छापील प्रत स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावत्या जपा. कंपनीचा किंवा आयातदाराचा पत्ता सापडत नसेल तर खोकं बघा. पॅकबंद मालावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं 2011 च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार सक्तीचं आहे. खोकं फेकलं नसेल अशी आशा करतो. पत्रात खरेदीची तारीख, अनुक्रमांक, बिघाडाचा दिवस, सर्व्हिस सेंटरला वस्तू दिल्याचा दिवस एवढं लिहा आणि एकच ठोस मागणी करा : वॉरंटी नाकारायची असेल तर कारण लेखी द्या, तपासणीचा अहवाल द्या आणि उघडलेल्या कॉइलचे फोटो द्या.

फोटो का, ते नीट समजून घ्या, कारण सगळं भांडण तिथेच आहे. कॉइल जळाली याचा अर्थ ती तापली, एवढाच. का तापली, हे त्या एका वाक्यातून कळत नाही. क्षमतेपेक्षा जास्त पॉवर बराच वेळ मिळाली तर तापते. अ‍ॅम्पचा गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा स्क्रू) चढवून ठेवल्याने सिग्नल कापला जात असेल, म्हणजे त्याच्या लाटांचे शेंडे सपाट होत असतील, तरी तापते. सबवूफर ज्या बॉक्समध्ये बसवला तो बॉक्सच त्याला मानवणारा नसेल, तर कोन हद्दीबाहेर हलतो आणि कॉइलला मार बसतो. आणि मुळात कॉइल मधोमध बसलेली नसेल, तर ती एका बाजूने घासत राहते, वार्निश जातं आणि वेढे एकमेकांना चिकटतात. कॉइलपर्यंत जाणारी लवचिक तार तुटली किंवा जोडाचा गोंद सुटला, तरीही बास बंदच पडतो. यातली शेवटची कारणं उत्पादनातल्या दोषाकडे बोट दाखवतात. सगळे वेढे सारखेच काळे पडलेत, की एकाच बाजूला घासल्याची खूण आहे, हे फोटोत दिसतं. "कॉइल जळाली" या दोन शब्दांत ते दिसत नाही, म्हणूनच ते दोन शब्द सांगून मोकळं होणं त्यांना सोयीचं पडतं.

वस्तू हातात आली, की जाणकार माणसाकडून मल्टिमीटर लावून घ्या आणि त्याचा सलग व्हिडिओ काढा : आधी अनुक्रमांक, मग टर्मिनलवर टेकवलेले प्रोब, मग मीटरचा आकडा. 4 ओहमची कॉइल धड असेल तर मीटर 3 ते 4 च्या दरम्यान काहीतरी दाखवतो. तुटली असेल तर काहीच दाखवत नाही. दुहेरी कॉइल असेल तर दोन्ही वेगवेगळ्या मोजा. एक जळाली आणि एक शाबूत असेल तर तेही नोंदवा. अ‍ॅम्पचा फ्यूज आणि अर्थिंग त्याच वेळी बघून घ्या. तुमच्याकडे वास आला म्हणजे प्रकरण फ्यूजचं वाटत नाही, पण नोटीस तयार झाल्यावर फ्यूज बदलून वूफर वाजायला लागल्याचं एक प्रकरण माझ्या टेबलावर येऊन गेलंय.

आता दुकानदार. "आम्ही फक्त विकतो" हे त्याचं वाक्य त्याच्याच बिलात टिकत नाही, कारण त्याने फिटिंगचे पैसे घेतलेत. म्हणजे तो विक्रेता तर आहेच, सेवा देणाराही आहे. कोणता बॉक्स, कोणता अ‍ॅम्प, वायर किती जाडीची, कॉइल समांतर जोडायच्या की एकामागे एक, गेन कुठे ठेवायचा, हे सगळं त्याने ठरवलं. वस्तुविक्री अधिनियम, 1930 चं कलम 16 सांगतं, की ग्राहकाने आपली गरज विक्रेत्याला सांगितली आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर तो माल त्या गरजेला साजेसा असलाच पाहिजे, ही अट न लिहिताही करारात येते. वॉरंटी कार्डावर काय छापलंय, हा त्यापुढचा प्रश्न. सबवूफर आणि अ‍ॅम्प या दोन्हींच्या खोक्यांवरचे आरएमएसचे, म्हणजे सलग पेलता किंवा देता येणाऱ्या पॉवरचे, आकडे शेजारी ठेवून बघा (मोठ्या अक्षरातला "मॅक्स"चा आकडा नको, तो खोकं सजवायला असतो). ज्या ओहमवर जोडणी केली त्या ओहमवर अ‍ॅम्प 600 वॅट देतो आणि सबवूफर 400 चा आहे असं निघालं, तर हा जोड जुळवला कोणी, एवढंच दुकानदाराला विचारा. मात्र हेही प्रामाणिकपणे सांगतो : जास्त ताकदीचा अ‍ॅम्प लावणं हीच चूक, असं नाही. गेन नीट लावला असेल तर असा जोड वर्षानुवर्षं चालतो. त्यामुळे गाडी फिरून गेन कोणी लावला, इथेच येते.

"अधिकृत माणसाने फिटिंग केलेलं नाही" या मुद्द्यासाठी वॉरंटी कार्ड समोर घेऊन वाचा. तशी अट छापलेलीच नसेल तर विषय संपला. छापलेली असेल आणि तुमचा दुकानदार त्याच कंपनीचा अधिकृत विक्रेता असेल, तर कंपनीला हे बोलणं जड जाईल. तो अधिकृत नसेल, तर कंपनीविरुद्धची बाजू कच्ची होते, पण दुकानदाराविरुद्धची पक्की होते. कारण अशा फिटिंगने वॉरंटी जाते, हे सांगणं त्याचं काम होतं. म्हणूनच तक्रार करायची झाली तर दोघांनाही सामनेवाले करा. एकालाच केलंत, तर तो न आलेल्याच्या नावाने बोट दाखवत बसेल.

बिल दादाच्या नावावर आहे, याची काळजी नको. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच आहे. तरी तक्रारीत दोघांची नावं घाला. समोरच्या वकिलाचा एक पूर्ण परिच्छेद कमी होतो.

ईमेलला पंधरा दिवसांत धड उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन हुकूम देत नाही, मध्यस्थी करते. पण कंपनीच्या ज्या टेबलापर्यंत तुमचा फोन पोचत नव्हता, तिथे कागद पोचतो. तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. 2019 च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्याच आयोगात जाता येतं. कंपनीचं मुख्यालय शोधत हिंडायला नको. मोबदला, म्हणजे खरेदीसाठी मोजलेली रक्कम, पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावण्याची सक्ती नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, म्हणजे घाई वॉरंटीची आहे, आयोगाची नाही.

तिथे दोष दाखवून देण्याचं ओझं मात्र तुमच्यावर असेल. तपासणीशिवाय दोष कळत नसेल तर नमुना सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार आयोगाला कलम 38 ने दिलाय. तशी मागणी तक्रारीतच करून ठेवा. शिवाय मल्टिमीटर लावून देणाऱ्या जाणकाराचं मत प्रतिज्ञापत्रावर घ्या. समोरून सर्व्हिस सेंटरचा चार ओळींचा अहवाल येईल. तो ज्याने लिहिला त्याचं प्रतिज्ञापत्र सोबत नसेल आणि कॉइल का तापली याचं कारण त्यात नसेल, तर त्याला उत्तर देणं कठीण नाही. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने सांगितलेत. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात, हे धरून चाला.

मागणी क्रमाने करा : दुरुस्ती, ती होत नसेल तर नवीन सबवूफर, तेही नसेल तर किंमत परत. मानसिक त्रासापोटी लाखोंचा आकडा टाकायचा मोह होतो, पण त्याने मूळ मागणीचं वजन कमी होतं. आणखी एक. हल्ली इंटरनेटवर वाचून लोक तक्रारीत "उत्पादन दायित्व" असं ठसक्यात लिहून आणतात. सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईचं ते प्रकरण तुमच्या कामाचं नाही. त्यातल्या "हानी"च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचं झालेलं नुकसान वगळलेलं आहे. जळक्या वायरीने गाडीला आग लागली असती, तर गोष्ट वेगळी. तुमची तक्रार साधी आहे : वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी.

मधेच कधीतरी दुकानदार "सुट्या भागाचे पैसे द्या, मजुरी मी घेत नाही" म्हणेल. रक्कम नव्या सबवूफरच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असेल आणि दुरुस्तीवर लेखी वॉरंटी मिळत असेल, तर मी तुमच्या जागी असतो तर घेतलं असतं. मात्र गेन पुन्हा लावून घ्या आणि तो कुठे ठेवला ते बिलावर लिहून घ्या. नाहीतर सहा महिन्यांनी तुमचं दुसरं पत्र येईल.

आता कंसातलं वाक्य. मित्राने नेमकं काय फिरवलं? डॅशबोर्डखाली किंवा स्टिअरिंगजवळ तारेने जोडलेला छोटा बास नॉब असेल, तर तो ग्राहकाने फिरवण्यासाठीच दिलेला असतो. तो फिरवणं म्हणजे वापर, गैरवापर नव्हे. तो पूर्ण फिरवल्यावर कॉइल जळत असेल, तर अ‍ॅम्पचा गेन आधीच चुकीचा लावला होता असं म्हणायला जागा आहे, आणि तो दुकानदाराने लावला होता. पण मित्राने डिकीत जाऊन अ‍ॅम्पवरचा गेनचा स्क्रू पेचकसाने फिरवला असेल, तर तुमची बाजू बरीच अवघड होते. मग खटल्यापेक्षा वरची तडजोड बरी. दोन्हीपैकी काहीही असो, तक्रारीत ते लपवू नका. प्रतिज्ञापत्रावर खोटं बोलण्याइतकं मोठं कुठल्याही सबवूफरचं मोल नसतं आणि दुकानदाराने तो स्क्रू कुठे ठेवला होता, हे त्याला आठवत असण्याची शक्यता असतेच. ईमेल पाठवण्याआधी मित्राला फोन करा, त्याने कुठला नॉब, कधी आणि किती फिरवला ते विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा.