सप्ताहात लोक रडतात, तरी बालविवाह का थांबत नाहीत?

तुम्ही विचारलंय की बीड जिल्ह्यातल्या तुमच्या गावात सप्ताह जोरात होतो, महाराज लेकीबाळींवर बोलतात, माणसं डोळे पुसतात. तरी चौदा-पंधराच्या पोरींची लग्नं लागतातच. यात समाजशास्त्र काय कामाचं?

लातूरला कॉलेजात मी हाच विषय शिकवतो. देव आहे की नाही, याच्याशी आम्हाला देणंघेणं नसतं. भक्ती करताना माणसं एकमेकांशी कशी वागतात, ते बघायचं. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालल्या, तेव्हा त्यांच्या दिंडीत अभंग एकत्र होते, पण ब्राह्मण आणि मराठ्यांचं जेवण वेगळं. वारीत त्या रमल्या, आणि हेही लिहून ठेवलं. तुमच्या सप्ताहातही बघा, वीणा कोणाच्या गळ्यात असते, कोणत्या गल्लीतल्या बायका शेवटच्या पंगतीला बसतात. (गावात असलं विचारलं की चहा येतो आणि विषय बदलतो.)

आता लग्नांचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याचा आकडा २१.९. बीडची माणसं काही जास्त पापी नाहीत. तिथली माणसं ऊसतोडीला बाहेर जातात. मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा, उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. पोरीकडून बघा. दिवाळीच्या आसपास आईबाप कारखान्याला गेले की वयात आलेली लेक पाच-सहा महिने कोणाच्या भरवशावर ठेवायची? सोबत न्यावी तर फडावरच्या खोपीला धड दार नसतं. या बापाला 'लेक वाचवा' सांगून काय होणार? त्याच्या हिशोबानं तो तिला वाचवतोच आहे.

म्हणून त्याला मोकळं सोडा, असं मी म्हणत नाही. २००६ च्या कायद्यात लग्न लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, ती असावीच. पण कीर्तनातला उपदेश जरा दुसरीकडे वळवता येतो. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी सरकारची वसतिगृह योजना आहे, तिला नाव संत भगवानबाबांचं. नारळी सप्ताहाची परंपरा त्यांचीच. कोणतं वसतिगृह जवळ आहे, अर्ज कुठं द्यायचा, हे महाराजांना माईकवरून सांगायला लावा. सप्ताह श्रावणात असेल तर उत्तम, तोवर टोळ्या निघालेल्या नसतात. उचल मात्र बऱ्याच जणांनी घेतलेली असते, तेव्हा मुकादमालाही पुढच्या रांगेत बसवा.