अग्निशमन दल, पोलीस आणि १०८ च्या कर्मचाऱ्यांना जैविक हल्ल्यापासून वाचवणाऱ्या लसी आधीच द्याव्यात का?

आपण अँथ्रॅक्स आणि देवी या दोन रोगांची नावे घेऊन विचारले आहे, म्हणून उत्तरही त्यांच्यापुरतेच देतो. कोल्हापुरात लसीकरणाचे काम मी बरीच वर्षे केले आहे. माझ्या मते या लसी सरसकट सर्वांना आधीच टोचू नयेत.

अँथ्रॅक्स, म्हणजे आपल्याकडचे पशुपालक जिला काळपुळी म्हणतात ती, माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. २००१ मध्ये अमेरिकेत टपालाच्या पाकिटांतून या जिवाणूंची पूड पाठवली गेली, तेव्हा २२ जणांना लागण झाली आणि ५ जण दगावले. त्या मृतांत टपाल कर्मचारीही होते, ज्यांना आपत्कालीन सेवेच्या कोणत्याही यादीत कोणी धरले नसते. शिवाय संपर्क आल्यानंतरही ६० दिवस प्रतिजैविके आणि सोबत लसीचे तीन डोस देऊन रोग रोखता येतो. तिथे २०१६ मध्ये कायदा झाला तोही सक्तीचा नव्हता. साठ्यातली मुदत संपत आलेली लस इच्छुक कर्मचाऱ्यांना प्रायोगिक तत्त्वावर द्यावी, एवढाच त्याचा आशय होता.

देवीचे गणित याहून अवघड आहे, कारण तो रोग पसरतो. पण त्याची जुनी लस जिवंत विषाणूची असते. २००३ मध्ये अमेरिकेने सुमारे पाच लाख आरोग्य कर्मचाऱ्यांना ती देण्याचे ठरवले, प्रत्यक्षात चाळीस हजारांच्या आसपास लोकांनीच घेतली आणि काहींच्या हृदयाला सूज आल्याचे आढळले. संपर्कानंतर तीन-चार दिवसांत टोचली तरी ही लस उपयोगी पडते, त्यामुळे ती साठ्यात तयार असणे महत्त्वाचे. आधी टोचायचीच असेल, तर प्रयोगशाळेत हे जंतू हाताळणारे आणि अशा घटनांसाठीच प्रशिक्षण घेतलेली पथके, उदाहरणार्थ राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, यांचा विचार व्हावा.

माझी खरी अडचण वेगळी आहे. २०१९ च्या महापुरात शाळेच्या व्हरांड्यात मांडलेल्या आमच्या टेबलापाशी बचावकार्यातला एक तरुण आला. पत्र्याने तळहात चिरला होता आणि बांधलेला रुमाल पुराच्या पाण्याने चिंब झाला होता. धनुर्वाताचे इंजेक्शन देता देता मी त्याचे कार्ड पाहिले, तर कावीळ ब च्या लसीचे दोन डोस भरलेले आणि तिसरा रकाना कोरा. ‘साहेब, तिसऱ्या डोसच्या दिवशी ड्युटी लागली, मग ऱ्हायलंच ते,’ तो म्हणाला. ही लस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घ्यावी लागते. अँथ्रॅक्सच्या लसीचे पहिले तीन डोसही याच अंतराने असतात आणि पुढे बूस्टर चालूच राहतात. पंचगंगेला दर पावसाळ्यात पाणी चढते हे ठाऊक असूनही ज्या व्यवस्थेला काविळीचा तिसरा डोस पूर्ण करता येत नाही, तिने ते वेळापत्रक कसे पाळावे?

म्हणून आपण कोणत्या दलात असाल, तर धनुर्वात आणि कावीळ ब यांचे डोस मे संपण्यापूर्वी पूर्ण करून घ्या, आणि पुराच्या पाण्यात उतरण्याआधी लेप्टो (दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घ्यावे का, हे आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा.