झूलॉजी की जिऑलॉजी?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला (पीसीबी) आहे. नीट द्यायची नाही, डायनोसॉर आणि आदिम पक्ष्यांच्या जीवाश्मांवर काम करायचं म्हणते. बीएस्सीला झूलॉजी घ्यावी का? पुढे नोकरी मिळेल का? – एक पालक, सांगली

उत्तर : झूलॉजी नको, जिऑलॉजी घ्या. आपल्याकडे जीवाश्मांचं शिक्षण मुख्यतः भूशास्त्र विभागांतच मिळतं. आयआयटीत 'जॅम' या प्रवेश परीक्षेमार्फत जिऑलॉजीच्या एमएस्सीला जायचं तर पदवीला तो विषय लागतो. काही ठिकाणी गणिताचीही अट असते, तेव्हा माहितीपत्रक आधी वाचा.

मात्र बीएस्सीच्या अभ्यासक्रमात भर असतो शंखशिंपल्यांवर आणि सूक्ष्मजीवाश्मांवर. पृष्ठवंशी प्राणी थोडक्यात उरकले जातात. तिच्या आवडीचा विषय तर सगळा हाडांचा! जर्मनीत सोल्नहोफेनच्या सुमारे 15 कोटी वर्षं जुन्या चुनखडकात 1951 साली सापडलेला आर्किओप्टेरिक्स या आदिम पक्ष्याचा एक नमुना जवळपास दोन दशकं कॉम्प्सोग्नाथस हा छोटा डायनोसॉर समजला गेला. पिसांचे ठसे पुसट होते आणि सांगाडे इतके सारखे, की जाणकारही फसले. म्हणून शरीररचना तिला स्वतःच शिकावी लागेल.

सुरुवात घरी होते. म्हातारी गावठी कोंबडी आणा. ब्रॉयलर दीड महिन्यातच कापतात, तेव्हा हाडांची टोकं अजून कूर्चाच असतात, सांधेही जुळलेले नसतात. मांस काढून पंख आणि पाय मलमलच्या वेगवेगळ्या पुरचुंड्यांत बांधायचे, नाहीतर बारीक हाडांची सरमिसळ होते. थोडी डिटर्जंट पावडर घालून मंद आचेवर शिजवायचं. कुकर नको, हाडं भुसभुशीत होतात. ब्रशने साफ करून 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवायची. ब्लीचिंग पावडर वापरू नका, ती हाड खाते.

मग आर्किओप्टेरिक्सच्या चित्राशी ताडून पाहू दे. कोंबडीच्या पंखात तीन बोटांच्या मुळाची हाडं एकमेकांना जुळलेली दिसतील, आर्किओप्टेरिक्सची तिन्ही बोटं सुटी आणि नखांची. कोंबडीची शेपटी आखूड हाडात संपते, त्याला वीसहून जास्त मणक्यांची लांब शेपटी. जबड्यात दातही. गळ्याजवळचं इंग्रजी व्हीसारखं हाड मात्र दोघांतही आहे, आणि मांसाहारी डायनोसॉरांतही. महिनाभर हे चिकाटीने केलं, तर आवड खरी समजा.

नोकरीचं स्पष्ट सांगतो : आदिम पक्ष्यांवर काम करणाऱ्या जागा भारतात जवळपास नाहीत. त्यांचे जीवाश्म असलेले खडक जर्मनीतल्या बव्हेरियात आणि चीनच्या लिआओनिंगमध्ये आहेत, म्हणजे पीएचडी परदेशात. इथे डायनोसॉरांवर काम होऊ शकतं. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला लॅमेटा नावाच्या डायनोसॉरकाळातल्या खडकांत त्यांची हाडं आणि अश्मीभूत विष्ठा सापडते. एमएस्सीनंतर नेट-जेआरएफ ही संशोधनवृत्तीची परीक्षा काढून जीवाश्मांवर काम करणारी लखनौची बिरबल सहानी संस्था किंवा विद्यापीठात संशोधन करता येतं. दुसरी वाट यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून जीएसआयची, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची. तिथे मात्र नकाशे आणि खनिजांचं काम जास्त, जीवाश्म क्वचित. पगार नियमित हवा असेल तर तीही तयारी एमएस्सीबरोबरच सुरू ठेवा, दोन्हींचा बराच अभ्यास एकच आहे.