बारा किलोमीटरच खणलंय, मग गाभा कसा कळला?

माणसाने खणलेलं सर्वात खोल भोक, रशियातलं कोलाचं बोअर, १२ किलोमीटरांवर थांबलं, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, मग "बाहेरचा गाभा द्रव, आतला घन" हे अंदाजपंचे का, हा तुमचा पहिला प्रश्न. आणि एवढं कळतं तर भूकंपाचं भाकीत का जमत नाही, हा दुसरा.

अंदाजपंचे मुळीच नाही. सगळा भूकंपाच्या लहरींच्या वेळेचा हिशेब आहे, आणि त्याची पहिली पायरी घरी कागदावर करता येते. भूकंपात खडकाच्या आतून दोन लहरी निघतात. पी लहर खडक पुढेमागे दाबत जाते, कवचात सेकंदाला साधारण ६ किलोमीटर. एस लहर खडक आडवा हलवते, वेग साडेतीनच्या आसपास. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत आकडे मोजतो ना, तसंच: पी आणि एस यांच्यातल्या दर सेकंदामागे सुमारे ८ किलोमीटर धरायचे. कोयनानगर ते पुणे सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर, म्हणजे कोयनेच्या धक्क्याच्या पुण्यातल्या आलेखावर या दोघींत पंधरा-सोळा सेकंद दिसायला हवेत. या वजाबाकीतून फक्त अंतर मिळतं. तीन नोंदकेंद्रांभोवती त्या त्या अंतराची वर्तुळं काढायची; ती जिथे छेदतात, तिथे भूकंप.

पृथ्वीच्या पोटात डोकवायचं तर हेच गणित उलटं मांडायचं. भूकंप कुठे आणि केव्हा झाला ते ठाऊक, लहर कुठे किती वाजता पोचली तेही नोंदलेलं; मग वाटेत तिचा वेग काय असावा? या कामाची सुरुवात भारतातल्या भूकंपावरून झाली, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. १२ जून १८९७ च्या आसाम भूकंपाच्या युरोपातल्या नोंदी तपासताना जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी पी, एस आणि पृष्ठलहरी (जमिनीच्या पृष्ठभागालगत जाणाऱ्या) वेगवेगळ्या ओळखल्या. पुढे १९०६ मध्ये त्यांनीच दाखवलं की फार दूरच्या नोंदकेंद्रांवर लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा येतात, म्हणजे मध्यभागी त्यांना मंदावणारं काहीतरी आहे. त्याची सीमा सुमारे २,९०० किलोमीटर खोल, हे जर्मन भूकंपशास्त्रज्ञ गुटेनबर्ग यांनी काढलं.

त्या सीमेवर पीचा वेग सेकंदाला जवळपास १३.७ वरून एकदम ८ किलोमीटरवर येतो. लहर आत वळते आणि भूकंपापासून साधारण ११,५०० ते १५,५०० किलोमीटरांच्या पट्ट्यात सरळ पी पोचतच नाही. हा छायापट्टा. गाभ्यातून एस जात नाही म्हणून तो द्रव, असं शाळेत शिकवतात. ते बरोबरच आहे, पण शिक्कामोर्तब वेगळ्या वाटेने झालं. चंद्रसूर्याच्या ओढीने पृथ्वी जेवढी ताणली जाते, तेवढी ती, प्रावरणासारखा (कवच आणि गाभा यांच्यामधला थर) ताठ खडक पार मध्यापर्यंत असता तर, ताणली गेली नसती, असं ब्रिटिश शास्त्रज्ञ हॅरल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये दाखवलं.

माझ्या मते या विषयातलं सर्वात देखणं काम डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमन यांचं. न्यूझीलंडमधल्या १९२९ च्या मर्चिसन भूकंपाच्या नोंदींत, जिथे शांतता हवी त्या छायापट्ट्यातही पी सापडत होती. गाभ्याच्या कडेवरून वळसा घालून आली असेल, म्हणून इतरांनी विषय सोडून दिला होता. लेमनबाईंनी प्रावरणात १० आणि गाभ्यात ८ असे सरळसोट स्थिर वेग धरले, आत आणखी एक जलद गोळा कल्पिला, आणि त्यावरून परावर्तित झालेल्या लहरींच्या वेळा नोंदींशी जुळल्या. हे १९३६ मध्ये, संगणकाशिवाय. तो गोळा घन असल्याचा भक्कम पुरावा मात्र १९७१ साली आला, मोठ्या भूकंपानंतर अख्खी पृथ्वी बारीक थरथरत राहते त्या थरथरीच्या आवर्तनांवरून.

लोखंड कशावरून? ते लहरी एकट्या सांगत नाहीत. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या ५.५ पट, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची तीनच्या आसपास. उरलेलं वजन आत कुठेतरी असणारच, आणि अशनींतलं लोखंड त्या हिशेबात बसतं.

आता भाकीत. लहर निघते ती खडक तुटल्यावर. तुटण्याआधीची वेळ तिच्यात कशी सापडणार? जपानमध्ये पी पकडून एस पोचायच्या आत इशारा देतात, पण ते भाकीत नव्हे. कोयनेला धक्का बसला तर एसला पुण्याला यायला पस्तीसेक सेकंद लागतील. पी टिपण्यात आणि आकडेमोडीत गेलेले वजा करून वीस-पंचवीस सेकंद हाती राहतील. गॅस बंद करून टेबलाखाली जायला तेवढे पुरतात. खुद्द कोयनानगरला मात्र एकही सेकंद मिळणार नाही.